प्लांट हेड होते, आता नाही. पुढचं काम कशासाठी करायचं?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी.

मार्चअखेर नोकरी सोडली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले होते, सोडताना चाकण आणि रांजणगाव दोन्ही प्लांट माझ्याकडे होते. कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही. वय ५४. मुलगी कमावती झाली, घराचं कर्ज फिटलं. म्हणून पैशाचे सल्ले नकोत, त्यासाठी इथे पुष्कळ धागे आहेत.

सगळे म्हणतात की पद गेलं की फोन बंद होतात. झाले, आणि त्याचं मला काही वाटत नाही. चुकल्यासारखं होतं ते सकाळी साडेआठला. आमची मीटिंग लाईनच्या टोकाला, उभ्याने व्हायची. फळ्यावर रात्रपाळीचं उत्पादन, रिजेक्शन, कुठलं मशीन किती वेळ बंद होतं ते. शेजारी लाल क्रेट, त्यात नापास झालेले भाग. एखादा ऑपरेटर त्यातला एक उचलायचा, भोकाच्या कडेवरून नख फिरवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ड्रिल बदललं तरी बर राहतोय." (बर म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धातूची बारीक धार.) मेंटेनन्सवाला म्हणायचा, ड्रिलचं काही नाही, भाग धरून ठेवणारं फिक्स्चर ढिलं झालंय. क्वालिटीवाली मापं काढायची. ज्या बरला नखाशिवाय कुणी ओळखणार नाही, त्याच्यासाठी चार खात्यांची माणसं डोकं लावत उभी असायची, आणि दुपारपर्यंत तो प्रश्न सुटलेला असायचा. त्या वेळी मला ठाऊक असायचं की मी इथे कशासाठी आहे.

माझं ठाम मत आहे की वरिष्ठाचं मुख्य काम एकच: रात्रपाळीतल्या सगळ्यात नवख्या पोराला "लाईन थांबवा" म्हणायची भीती वाटू नये. टाउनहॉल, व्हिजन, सादरीकरणं हे सगळं त्यानंतर येतं.

आता हे काम पदाशिवाय कुठे करता येतं? आणि माणसं जमायची ती माझ्यामुळे की पदामुळे, हे कसं ओळखायचं? ज्यांनी मोठं पद सोडून काही वेगळं केलंय, किंवा अशा माणसांबरोबर काम केलंय, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. कन्सल्टन्सीचे दोन प्रस्ताव आलेत. मन घेत नाही.

वाटसरू
अभिनंदन! एकच सांगतो, सहा महिने कशालाही हो म्हणू नका. रिकामपण खायला उठतं आणि माणूस पहिल्या येईल त्या कामाला बिलगतो. मी तसे बघितलेत.

मीठभाकर
आमचे 'हे' जनरल मॅनेजर होऊन निवृत्त झाले. पहिल्या आठवड्यात डब्यांवर लेबलं लागली, दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्याचा रिव्ह्यू झाला. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना सोसायटीच्या कमिटीवर पाठवून दिलं. आता सोसायटीतल्या बायका मला शोधत येतात. :)

पण ताई, तुमच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. पुरुषाने नोकरी सोडली की लोक विचारतात, "आता पुढे काय?" बाईने सोडली की म्हणतात, "बरं झालं, आता घरी लक्ष देता येईल." सासूबाईंचे डॉक्टर, भाचीचं लग्न, पाहुणे, सगळं आपसूक तिच्याकडे सरकतं, कारण ती "आता घरीच असते ना". माझ्या मोठ्या बहिणीने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हेच झालं. तिला काय करायचं होतं ते विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. म्हणून वाटसरूंचा सहा महिन्यांचा सल्ला तुम्हाला लागू पडेल असं वाटत नाही. तुमचे सहा महिने दुसरेच कुणीतरी भरून टाकतील.

चहाचा_थर्मास
मीठभाकर, दुसऱ्या परिच्छेदाला शंभरदा अनुमोदन.

दुसरा_डाव
मी या वाटेने आधी गेलोय म्हणून सविस्तर लिहितो.

कन्सल्टन्सीला मन घेत नाही, ते बरोबर आहे. कन्सल्टंट सांगतो आणि निघून येतो. लाईनच्या टोकाला उभं राहायची सवय असलेल्या माणसाला ते अळणी लागतं. मी दोन वर्षं केलं, पैसे चांगले मिळाले, मन रमलं नाही.

दुसरा रस्ता स्वतंत्र संचालकाचा, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेल्या, बाहेरून घेतलेल्या संचालकाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ नुसार शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांना असे संचालक नेमावेच लागतात. त्यासाठी सरकारी डेटाबँकेत नाव नोंदवायचं आणि ज्यांना सूट नाही त्यांनी ऑनलाइन चाचणी द्यायची. एक मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, सलग दोन मुदती झाल्या की तीन वर्षं लांब राहायचं. काम गंभीर आहे. तिमाहीतून एकदा जाऊन चहा प्यायचा असं समजून कुणी जाऊ नये. ताळेबंदात गडबड निघाली तर तुम्ही काय विचारलं होतं हे इतिवृत्तात शोधलं जातं. प्लांट चालवलेला माणूस बोर्डावर असला तर फार उपयोग होतो, कारण "क्षमता वापर ९० टक्के" या आकड्यामागे काय दडलेलं असतं ते त्याला माहीत असतं. पण इंद्रायणीकाठ, तिथे तुम्हाला तो लाल क्रेट दिसणार नाही. तिथे क्रेटचा अहवाल येतो.

आणखी एक. जुन्या कंपनीने "स्पर्धकाकडे जाणार नाही" अशा करारावर सही घेतली असेल तर फार घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही. गोपनीय माहितीचं बंधन मात्र टिकतं, आणि ते पाळायलाच हवं.

तिसरी_पाळी
ताई, मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात वेल्डर होतो, काही वर्षं युनियनच्या कमिटीवरपण. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी प्लांट हेड बदलायचे. आल्या आल्या प्रत्येकजण पहिल्या महिन्यात भाषण करायचा. भाषणं सगळी सारखी, आता एकही आठवत नाही.

एका साहेबांचं मात्र नाव अजून निघतं. ते रात्री दोनला न सांगता शॉपमध्ये यायचे. एकदा त्यांनी बघितलं की प्रेस शॉपवाल्यांना प्यायच्या पाण्यासाठी पार कॅन्टीनपर्यंत जावं लागतं आणि तेवढ्या वेळासाठी सुपरवायझर ओरडतो. काही बोलले नाहीत. आठवड्यात प्रेस शॉपच्या दारात कूलर आला. नंतर रात्रपाळीच्या बसचा मार्ग बदलला, कारण पोरांना हायवेला उतरून अंधारात चालत जावं लागायचं. ते बदलून गेले, त्यांच्यानंतर चारजण झाले. कूलर तिथंच आहे, बसपण त्याच रस्त्याने जाते. तुम्ही विचारलंत ना, माणूस की पद कसं ओळखायचं? माणूस गेल्यावर काय काय तसंच राहिलं ते बघायचं.

पण एक बोलायचंच आहे, राग मानू नका. नवख्या पोराला लाईन थांबवायची भीती वाटू नये, हे मला पटलं. पण तो पोरगा कंत्राटी असला तर? सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळणार, म्हणजे कामावरून थांबवणार, हे त्याला माहीत असतं. तुम्ही कितीही प्रेमाने विचारा, तो बोलणार नाही. त्याची भीती प्लांट हेडची नसतेच, ठेकेदाराची असते. ती भीती तुमच्या साडेआठच्या मीटिंगमध्ये जात नाही.

वाटसरू
तिसरी_पाळी, हा प्रतिसाद मॅनेजमेंटच्या वर्गात वाचून दाखवायला हवा.

राइनतीर
स्टुटगार्टहून लिहितोय. इथे गाड्यांच्या उद्योगातच आहे.

तिसरी_पाळी यांनी भीतीबद्दल लिहिलं त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत. शिवाय बहुतेक मोठ्या कारखान्यांत कामगारांची निवडून दिलेली परिषद. त्यामुळे इथला प्लांट मॅनेजर पहिल्या दिवसापासून मनं वळवायला शिकतो, नुसत्या हुकमावर त्याचं काम होत नाही. असा माणूस निवृत्त झाला की त्याला फारसं परकं वाटत नाही, असं माझं निरीक्षण आहे. पद असतानाही त्याला लोकांना पटवूनच द्यावं लागत होतं.

दुसरं, थेट तुमच्या प्रश्नाबद्दल. इथे बॉनमध्ये १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांची एक संस्था आहे, सीनिअर एक्स्पर्टन सर्व्हिस. जर्मन उद्योगांनी उभी केलेली. निवृत्त बेकर, इंजिनिअर, नर्सेस, फाउंड्रीतली माणसं काही आठवड्यांसाठी दुसऱ्या देशांतल्या छोट्या उद्योगांत किंवा शाळांत जाऊन हाताने काम करून शिकवतात. प्रवास-राहण्याची सोय होते, मानधन नाही. माझे जुने विभागप्रमुख जाऊन आले. ते म्हणाले, तिथे त्यांच्या पदाचं नाव कुणाला नीट उच्चारतासुद्धा येत नव्हतं, साचा दुरुस्त झाला की नाही एवढंच सगळे बघत होते. फार आनंदात होते.

पेन्शनबाबा
धागाकर्तीने पैशाचं नको म्हटलंय तरी एक राहवत नाही. ईपीएसचं (पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर निघतं. ज्यांनी जादा पेन्शनचा पर्याय घेतला नाही त्यांना, पगार कितीही असो, महिन्याला जास्तीत जास्त साडेसात हजारांच्या आसपासच मिळतं, तेही ५८ नंतर. पन्नाशीनंतर लवकर घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कपात. आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसी आधी घ्या, मग उद्देश शोधा.

मीठभाकर
बाबा, ताईंनी पहिल्याच परिच्छेदात हात जोडलेत हो. पण मेडिक्लेमचं खरंय.

हळदीचं_रान
आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हिंगोली जिल्ह्यात. हळद आणि सोयाबीन. मी संचालक मंडळावर आहे. आमच्याकडे मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब सीईओ म्हणून आले होते, त्यांचा अनुभव सांगतो. इथल्या प्रश्नाला धरून आहे.

उत्पादक कंपनीत एका सभासदाला एक मत. कुणाचे शेअर कितीही असोत. पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला सारखाच. साहेबांनी आल्यावर एक चांगला निर्णय घेतला, की हळद खरेदी करताना ओलावा मोजायचा आणि दहा टक्क्यांच्या वर असला तर भाव कमी. व्यापाराच्या दृष्टीने एकदम बरोबर, ओल्या हळदीला बुरशी लागते आणि सगळा लॉट परत येतो. त्यांनी परिपत्रक काढलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर एकही पोतं आलं नाही. सगळा माल वसमतच्या मोंढ्यात.

साहेब चिडले नाहीत. ओलावा मापायचं यंत्र घेऊन गावोगाव फिरले. ज्याच्या अंगणात हळद वाळत घातलेली, तिथे बसायचे. शिजवलेल्या हळदीचं एक कांड मोडून दाखवायचे, मध्ये गाभा मऊ लागतो का बघा म्हणायचे, मग यंत्रावर आकडा दाखवायचे. शेतकरी नुसतं मोडल्याच्या आवाजावरून सांगायचे वाळली की नाही, आणि बहुतेकदा यंत्रापेक्षा फार लांब नसायचे! शेवटी बायकांच्या बचत गटांनी ठरवलं की दर गावात एक यंत्र ठेवायचं आणि घरीच मोजून माल आणायचा. नियम तोच राहिला, पण आता तो गावांनी केलेला नियम झाला. पुढच्या हंगामात लॉट परत यायचं जवळपास थांबलं.

ताई, आमच्यासारख्या कंपन्यांना माणसं हवी आहेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या योजनेत दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) उभ्या करायच्या ठरल्या, प्रत्येकीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. तेवढ्यात सीईओचा पगार, हिशेबनीस, ऑफिसभाडं. तीन वर्षं संपली की अनेक ठिकाणी सीईओ जातो आणि कुलूप लागतं. सप्लाय चेन कळणारा, लोकांत बसणारा माणूस मिळाला तर आम्ही डोक्यावर घेऊ. पण तुम्ही इथे फळ्यावर लिहाल आणि दुपारपर्यंत होईल, असं होणार नाही. एका निर्णयाला एक हंगाम लागतो.

इंद्रायणीकाठ
एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार.

मीठभाकर, भाचीचं लग्न खरंच माझ्याकडे आलंय. :) कसं ओळखलंत?

तिसरी_पाळी दादा, राग कसला. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आमच्याकडे कंत्राटी मुलांना कॅन्टीन, बूट, बस सगळं कायम कामगारांसारखंच होतं, त्यासाठी मी भांडले होते. साडेआठच्या मीटिंगला तीही उभी असायची. पण ब्रेक देण्याचं धोरण प्लांटच्या पातळीवर ठरत नाही. तुम्ही म्हणता ती भीती त्यामुळे उरतेच, हे मला मान्य आहे. आणि म्हणूनच मला वाटतं की त्या मुलाला बोलायचं धैर्य कारखान्याच्या दारात येण्याआधी मिळायला हवं. हातात चांगलं कौशल्य असलं तर तो ठेकेदाराला म्हणू शकतो, "नाही तर नाही, दुसरीकडे जाईन." ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याची भीती कमी असते.

तिसरी_पाळी
हे अर्धं पटलं. कौशल्य असलेलीपण पोरं दहा-दहा वर्षं कंत्राटात आहेत, मी त्यांच्याबरोबर वेल्डिंग केलंय. नुसत्या कौशल्याने होत नाही, मागे संघटना लागते. पण कौशल्यसुद्धा नसलं तर काहीच होत नाही, हेही खरं.

अनघड_दगड
इथे नेतृत्वाच्या व्याख्या चालल्यात म्हणून एक माणूस आठवला. अमेरिकेतले रॉबर्ट ग्रीनलीफ. टेलिफोन कंपनी एटी अँड टीमध्ये आयुष्यभर नोकरी करून १९६४ मध्ये निवृत्त झाले. 'सेवक-नेता' ही कल्पना त्यांनी मांडली ती १९७० साली, म्हणजे खुर्ची सोडल्यानंतर. त्यांची कसोटी साधी होती: तुम्ही ज्यांचं नेतृत्व केलं ती माणसं त्यामुळे वाढली का, जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहिली का? हळदीचं_रान यांच्या साहेबांना ही कसोटी लावली तर ते पास.

उलट बाजूही आहे. नारायण मूर्ती २०११ मध्ये इन्फोसिसमधून निवृत्त झाले आणि २०१३ मध्ये त्यांना परत बोलावून घ्यावं लागलं. संस्थापकाला परत बोलावणं वाईट, असं मी म्हणत नाही, पडत्या काळात कंपनीला आधार लागतो. पण ज्याने पद सोडलं त्याला हाक मारायची गरज पडू नये, इतकं काम मागे राहिलेल्यांच्या अंगवळणी पडलेलं असावं, असं मला वाटतं.

दुसरा_डाव
अनघड, इथे असहमत. बाजार बदलतो, तंत्रज्ञान बदलतं. मागे राहिलेल्यांना मदत लागली याचा अर्थ सोडून गेलेल्याने त्यांना घडवलं नाही असा काढणं अन्यायाचं आहे.

अनघड_दगड
मान्य, 'कधीच' असं म्हणायचं नव्हतं. रोजच्या कामासाठी हाक मारावी लागू नये, इतकंच.

चौथा_बेंच
मी एका तालुक्याच्या गावी शासकीय आयटीआयमध्ये निदेशक आहे, फिटर ट्रेड. इंद्रायणीकाठ यांचं "कारखान्याच्या दारात येण्याआधी" हे वाचलं आणि लॉगिन केलं.

आयटीआयला संस्था व्यवस्थापन समिती असते. २००७-०८ च्या खासगी भागीदारीच्या केंद्रीय योजनेत देशातल्या शेकडो शासकीय आयटीआयना अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं आणि समितीचं अध्यक्षपद उद्योगातल्या भागीदाराकडे दिलं गेलं. कागदावर कल्पना उत्तम. काही ठिकाणी त्याने संस्था पालटल्या. पुष्कळ ठिकाणी अध्यक्ष बैठकीला येतात, नारळ फोडतात, फोटो होतो, पुढच्या बैठकीपर्यंत भेट नाही.

आम्हाला काय हवंय सांगतो. आमच्याकडे लेथ आहेत, पण दोन बंद, कारण सुट्या भागाची मागणी कुठे अडकलीय ते कळत नाही. मुलं कानशीने फाइलिंग सुरेख करतात, चौकोनी जॉब गुण्याला लावून उजेडाविरुद्ध धरला तर फट दिसत नाही. पण ड्रॉइंगवरचं टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, का दिलंय हे त्यांना ठाऊक नसतं, कारण चुकलेल्या भागाचं पुढे काय होतं ते त्यांनी बघितलेलंच नाही. तुमच्या त्या लाल क्रेटमधले भाग आणून टेबलावर ओतले आणि विचारलं, "हे का नापास?" तरी एक महिन्याचा अभ्यास होईल.

आणि अप्रेंटिसशिप. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असा नियम आहे. घेतातही. पण मुलाला दिवसभर कशावर उभं केलं, त्याच्या ट्रेडचं काम दिलं की नुसती खोकी उचलायला लावली, हे कोण बघणार? मी फोन केला तर एचआरवाले उचलत नाहीत. तुम्ही केलात तर उचलतील, कारण तुम्ही त्यांच्यातल्या आहात. तुमच्या पदाची जी पत उरलीय ती अशा ठिकाणी वापरा, असं मला अगदी मनापासून वाटतं. दोन-तीन वर्षांनी ती पतही जाईल, लोक बदलतील. त्याआधी वापरा.

मीठभाकर
चौथा_बेंच सर, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. पद गेल्यावर उरलेली पत मुलांसाठी वापरायची, हे कुणी कधी असं सांगितलं नव्हतं.

तिसरी_पाळी
सर, एक भर घालतो. मुलांना वेतनचिठ्ठी वाचायला शिकवा. पीएफ कापला की नाही, नंबर आहे की नाही, ओव्हरटाइम कसा मोजला. मी यायला तयार आहे, रविवार सोडून कधीही.

इंद्रायणीकाठ
चौथा_बेंच सर, तुमच्या प्रतिसादाने माझ्या पहिल्या प्रश्नाची मांडणीच बदलली. मी विचारत होते, माणसं माझ्यामुळे जमायची की पदामुळे. दोन्हीमुळे जमत असणार, आणि त्यातलं जे पदामुळे होतं तेही अजून काही काळ उपयोगी पडणार असेल तर ते वाया का घालवायचं?

हळदीचं_रान, तुमच्या कामाबद्दल खूप आदर वाटला. पण शेतीतलं मला काही कळत नाही, शिकेपर्यंत तुमचे दोन हंगाम जातील. खरेदी आणि वाहतुकीचे हिशेब बसवून द्यायला फोनवर केव्हाही हजर आहे, ते मला येतं.

कन्सल्टन्सीला नाही कळवते आहे. अध्यक्षपद नको, समितीवर जागा नसली तरी चालेल. वर्कशॉपमध्ये आठवड्यातून दोन दिवस यायचं आहे. जुन्या कंपनीकडे नापास भागांचा एक क्रेट मागते. ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर घासून घ्यावे लागतील, तेवढी परवानगी मिळेल असं वाटतं. सर, तुमच्या प्राचार्यांना अर्ज करायचा की आधी भेटायचं?

वाटसरू
सहा महिने झाले नाहीत अजून!

चौथा_बेंच
आधी भेटा, अर्ज नंतर करू. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. सकाळच्या तुकडीचं प्रॅक्टिकल साडेसातला सुरू होतं. बंद लेथची मॉडेल आणि सुट्या भागांची यादीही पाठवतो, तुमच्या ओळखीत कुणाकडे जुना हेडस्टॉक पडून असेल तर विचारून ठेवा. तिसरी_पाळी दादा, तुम्हाला शनिवार चालेल का? दुसऱ्या वर्षाची मुलं शनिवारी दुपारी मोकळी असतात.

तिसरी_पाळी
चालेल. वेल्डिंगच्या पोरांनापण बसवा.